आधी परत सांगा

आमच्या टॅक्सी कंपनीतले निम्मे ड्रायव्हर तिला ताई म्हणतात आणि निम्मे वहिनी. ताई म्हणणारे डोंगराकडचे, म्हणजे तिच्या माहेरचे. वहिनी म्हणणारे आम्ही किनाऱ्याकडचे, तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या दादांच्या बाजूचे. देश एकच, सगळे मागे सोडून आलो तो. मी अर्थातच तिला वहिनी म्हणतो, आणि तिचा शब्द मोडायची माझी छाती नाही.

एकोणीस वर्षं ती कंट्रोल रूममध्ये बसते. खोली एवढीशी, खुर्चीचं एक चाक मोडलेलं, चष्मा दोरीने गळ्यात. गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा आणि वायरलेसवर आम्हाला पत्ता द्यायचा, हे तिचं काम. नियम एकच. पत्ता परत सांगायचा, आणि ती 'बरोबर' म्हणेपर्यंत चाक फिरवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. 'कळलं, कळलं' म्हणत सुटलो आणि बाळंतपणाला निघालेल्या बाईऐवजी दातांच्या डॉक्टरच्या दारात जाऊन हॉर्न वाजवत बसलो. वहिनी ओरडली नाही. "भावजी, तुम्ही ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "ऐकलं असं तुम्हाला वाटलं." तेव्हा मी कानाला खडा लावला.

यंदा तिकडे डोंगराकडच्यांनी वेगळा देश मागितला. मतदानाची तारीख ठरली, आणि इकडे आमच्या विश्रांतीच्या खोलीत चहाच्या दोन किटल्या आल्या, एक त्यांची आणि एक आमची. मागे असंच वातावरण तापलं होतं तेव्हा डोंगराकडच्या गावांत आमच्या लोकांची अकरा दुकानं जळाली होती. मी नुसता धुमसत होतो, खोटं कशाला बोलू? त्यांच्या किटलीचं झाकण मीच लपवलं होतं.

वहिनीचा जीव मात्र एका दारात अडकला होता. तिची सासू, आमच्या दादांची आई, डोंगराकडच्या बाजारगावात एकटी राहते. वय ऐंशी. सासऱ्यांचं तिथे घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले, पण म्हातारी दुकानावरच्या खोलीतून हलायला तयार नाही. त्या गावात शब्द चालतो तो वहिनीच्या माहेरच्या माणसांचा, आणि ती माणसं ऐकतात ते तिच्या धाकट्या भावाचं. भावाला आम्ही मास्तर म्हणतो. तिकडे शाळेत शिकवायचा, इथे टॅक्सी चालवतो आणि वेगळ्या देशासाठी सभा घेतो. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या दादांशी तो वर्षभर बोललेला नव्हता. आधी तोंडभरून 'भाऊजी' म्हणायचा, आता 'ते गृहस्थ' म्हणतो.

मतदानाला आठ दिवस उरले तेव्हा रविवारी दुपारी वहिनीने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दोन्हीकडच्यांनी मिळून तिकडे घरी, दंगा करू नका म्हणून, एक पत्र पाठवायचं, असं ठरत होतं. आधीची सभा बारा मिनिटांत मोडली होती, खुर्च्यांसकट. या वेळी वहिनी वायरलेसचा एक बंद पडलेला संच घेऊन आली.

"हा ज्याच्या हातात, तो बोलेल," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूने ते परत सांगायचं. बोलणारा 'बरोबर' म्हणाला की मगच उत्तर. मास्तर, तू सुरू कर."

मास्तरने संच घेतला. "पाणी आमच्या डोंगरातून येतं, वीज आमच्या धरणावर होते, आणि आमची मुलं शाळेत आपली भाषा बोलली तर छडी. पन्नास वर्षं मागून पाहिलं. आता आमचं आम्ही बघू."

मला कुठला धीर? मी उठलोच. "हा म्हणतो, आम्ही चोर आहोत."

"चूक," मास्तर म्हणाला.

"म्हणतो, आम्हाला हाकलून द्यायचं."

"चूक."

लोक हसायला लागले, त्यांचे तर हसलेच, आमचेही. माझा नुसता तिळपापड झाला. पाचव्यांदा चुकलो तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, "भावजी, दातांचा डॉक्टर." मी मुकाट्याने बसलो. मग दादा उठले आणि हळूहळू एकेक गोष्ट सांगत गेले. पाणी, वीज, छडी. छडीशी येऊन थांबले. "पन्नास वर्षं मागितलं आणि आम्ही ऐकलं नाही," ते म्हणाले.

"बरोबर," मास्तर म्हणाला. सगळा हॉल एकदम सरसावून बसला. कुणाच्या तोंडून असा शब्द निघेल असं मला वाटलंच नव्हतं.

आता संच दादांच्या हातात होता.

"देश तुटू नये असं मला वाटतं. ते राहू दे. तुझी सीमा आखली की माझी आई तुझ्या बाजूला येते. ती सीमेला घाबरत नाही. दार वाजलं की ती 'कोण' म्हणून विचारत नाही, उघडते. मतदानाच्या दिवशी तिचं दार कोण वाजवणार, हे मला कुणी सांगत नाही."

"हे गृहस्थ म्हणतात, आम्ही म्हाताऱ्यांना मारतो," मास्तर म्हणाला.

"चूक."

"म्हणतात, वेगळं व्हायचं नाही."

"चूक."

मास्तरच्या मागचे ओरडायला लागले, आमचे उठले, एक खुर्ची सरकलीही. वहिनी जागची हलली नाही. तिने चष्मा काढला. "मास्तर, ऐक," एवढंच म्हणाली. तिचा आवाज कापरा झालेला मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. पत्राच्या निमित्ताने बाई सासूचा जीव मागायला आली होती, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

मास्तरनेही ऐकलं असावं. तो खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी म्हातारीच्या दारात आमच्यातला चांगला माणूस आधी पोहोचेल की वाईट, हे यांना माहीत नाही." मग दादांकडे बघून म्हणाला, "मलाही माहीत नाही."

दादांनी नुसती मान हलवली. मास्तरने खिशातून फोन काढला, सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि गावातल्या चुलतभावाला म्हणाला, "मी मत वेगळं होण्यालाच द्या म्हणतोय, त्यात बदल नाही. पण मतदानाच्या दिवशी पहाटेपासून घरातले चौघं जण बाजारात, जुन्या घड्याळाच्या दुकानावर, निळ्या दाराशी बसवायचे. निकाल लागून आठवडा होईपर्यंत उठायचं नाही."

"कळलं, कळलं," पलीकडून आवाज आला.

"कळलं नको," मास्तर म्हणाला. "परत सांग."

पलीकडे क्षणभर गोंधळ. मग तो माणूस शाळेतल्या मुलासारखा म्हणू लागला. मतदानाच्या दिवशी पहाटेपासून, चौघं जण, बाजारात, जुन्या घड्याळाच्या दुकानावर, निळं दार, निकालानंतर आठ दिवस.

मास्तरने फोन दादांपुढे धरला. "भाऊजी," तो म्हणाला, "बघा, पत्ता तुमचा आहे."

दादा फोनवर वाकले.

"बरोबर," ते म्हणाले.