एकपात्रीत धोंडाआत्या

निमगाव केतकीत कुणी वारलं की धोंडाबाईला सांगावा धाडावा लागत नसे. रडण्याचा आवाज कानावर आला की ती पिठाचे हात तसेच घेऊन निघायची, रडणाऱ्या बाईच्या गळ्यात पडायची आणि तिच्याहून मोठ्यानं रडायची. सोयरीक आहे का, ओळख तरी आहे का, असले फालतू प्रश्न तिला कधी पडले नाहीत. बाईला एकटीनं रडू द्यायचं नाही, एवढा एकच कायदा तिला ठाऊक होता.

तिची भाची रतन माझी विद्यार्थिनी. १९९४ साली बारामतीला कॉलेजच्या मुलांची वक्तृत्व आणि एकपात्री स्पर्धा होती. रतननं लेकरू गमावलेल्या आईचं स्वगत बसवलं होतं. बाप महिपती तिरसट गडी. "लई झाली नाटकं," तो म्हणाला. "नंबर आला तर बघू, न्हायतर कालेज बंद!" आणि ते बघायला तो स्वतः आला, थोरल्या बहिणीला, म्हणजे धोंडाबाईला, सोबत घेऊन.

रतन मंचावर गुडघे टेकून बसली. मग तिनं असा हंबरडा फोडला की माझ्याही अंगावर काटा आला. आता नंबर कुठं जात नाही, असं मी मनाशी म्हणतोय तोच पहिल्या रांगेतून धोंडाबाई उठली, चपला खाली काढून मंचावर चढली आणि रतनच्या गळ्यात पडली. "अगं माझ्या बाई गं!"

पोरगी गुणाची. तिनं पुढची वाक्यं आत्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हटली. आत्या मध्येच तिचं नाक पदरानं पुसत होती. हॉलचा शिपाई माझ्या कानाशी येऊन, मयत कुठल्या गावाला न्यायची, ते विचारून गेला.

परीक्षकांनी घंटा वाजवली. "अहो, ही एकपात्री स्पर्धा आहे. या दुसऱ्या बाई कोण?"

धोंडाबाई त्यांच्यावरच उखडली. "लेकरू गेलंय हिचं, आन तुमी गुण लिवत बसलाय? मानसं हायसा का कोन?"

परीक्षकांनी चक्क पेन खाली ठेवलं. मग मीच ओरडलो, "आत्याबाई, तिचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही!"

"मला ठावं न्हाय व्हय? भाची हाय माझी. पर रडत हुती का न्हाय?"

रतन बाद झाली.

परतीच्या एसटीत रतन खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला महिपतीचा राग आला होता, धोंडाबाईचा आला होता आणि त्या मेल्या नियमाचा तर सगळ्यात जास्त. शेळगाव मागं पडल्यावर महिपतीनं घसा खाकरला.

"सर, पुढल्या साली ह्या आक्काला घरीच ठिवायची."

रतनला आधी उमजलंच नाही. उमजलं तशी ती बापाकडं बघत ढसाढसा रडायला लागली.

चालत्या गाडीत धोंडाबाई जागा सोडून उठली.