कॅनॉलकाठी पिस्ता रंगाची सायकल

मला सायकल येते, ही गोष्ट आमच्या घरात कुणी कधी तपासून पाहिली नव्हती.

मीसुद्धा नाही. तपासायचं काय त्यात? शाळेत असताना करकंबला, माहेरी, मी दादाची सायकल गावभर पिटाळली होती. पुढे लग्न झालं, सोलापूरला आले, स्कूटी आली आणि सायकल तेवढी राहून गेली. यंदा डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "पोहा, नाहीतर सायकल चालवा." पोहायला पोहण्याचा पोशाख घालावा लागतो. (तो विषय तिथेच संपला.)

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे. परीक्षेला शेकडो मुलांची बैठकव्यवस्था मी एकटी लावते, आणि आजवर एकाही मुलाला उभं राहावं लागलेलं नाही. तेव्हा सायकलचंही मी नीट नियोजन केलं. सोलापूरच्या रस्त्यांवर रिक्षा, बस आणि म्हशी यांच्यामध्ये माझी भर नको. करकंबला मात्र दादाच्या वस्तीकडे जाणारा कॅनॉलकाठचा रस्ता आहे. सपाट, मुरमाचा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. आईला भेटायला पंधरवड्याला जातेच. सायकल तिथेच ठेवायची!

मी दादाला फोन केला. "या वेळी हुरड्याला मी वस्तीवर सायकलनं येणार."

"कुणाच्या?"

"माझ्या. नवी घेतेय."

"ये की! पर न्हाई जमलं तर सायकल हितंच ठिवून जायची. दूध घालायला मला पायजेच हाय."

"आणि जमलं तर?"

"तर हुरड्याची पयली ताटली तुजी."

ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे कणसं भाजायच्या आगटीतून निघालेली पहिली ताटली दादाची. तो ती कुणाला देत नाही. आईलाही नाही!

दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन मी दुकानात. दुकानदारानं आधी रेसिंगची सायकल दाखवली. तिच्यावर बसायचं म्हणजे हँडलला साष्टांग नमस्कार घालायचा. शिवाय टायर इतके बारीक की मुरमात शिरले तर नांगरट झाली असती. नापास. मग गिअरची आली. "एकवीस गिअर आहेत, ताई!" मी विचारलं, "घाट आहे का कॅनॉलवर?" नापास. बॅटरीची आली. मी म्हटलं, "ती चालणार, मी बसणार. मग गुडघ्यांना काय?" तीही नापास.

शेवटी पिस्ता रंगाची लेडीज सायकल पास झाली. जाड टायर, पुढे बास्केट, मागे कॅरियर, मडगार्ड आणि खाली वाकवलेली नळी, म्हणजे पाय उंच टाकायला नको. मी ब्रेक दाबले, घंटी वाजवली, स्टँड लावून काढलं, सीटच्या स्प्रिंगा दाबून पाहिल्या. दुकानदार घामाघूम.

"एक चक्कर मारून बघा की, ताई."

"गरज नाही. सायकल एकदा आली की आली."

"अगं, चालवून बघ तरी," हे म्हणाले.

"मिक्सर घेताना दुकानात शेंगाचटणी वाटून बघितली होती का आपण?"

हे गप्प बसले. (हे गप्प बसले की निर्णय पक्का, अशी आमच्याकडे पद्धत आहे.)

हुरड्याच्या दिवशी दादाच्या जीपमध्ये सायकल घालून आम्ही कॅनॉलच्या पुलावर पोचलो. हे, दादा, आई आणि मी. वस्ती तिथून दीडेक किलोमीटर. मी ओढणी गाठ मारून बांधली, बास्केटात पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

"आम्ही मागनंच येतो," दादा म्हणाला. "बघायला."

मी हँडल धरलं. डावा पाय पायडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमीन दोनदा रेटली, सायकल निघाली आणि उजवा पाय आपोआप नळीपलीकडच्या पायडलवर गेला. इथवर उत्तम! मग माझा उजवा हात, मला न विचारता, वरची नळी पकडायला गेला. वर नळी नव्हतीच! हात हवेत, मी हाताच्या मागोमाग, आणि सायकल आम्हा दोघांच्या मागोमाग उसात.

"लागलं का गं?" हे ओरडत आले.

"नाही. ही सायकल डावीकडे ओढते. बनवण्यातच दोष आहे."

"मग सीटवर बस ना!"

हा मुद्दा रास्त होता. मी सीटवर बसले. म्हणजे दादानं मागून कॅरियर धरलं, ह्यांनी पुढून हँडल धरलं आणि मी मधोमध स्थापन झाले. तिथून जग फारच वेगळं दिसतं! जमीन लांब, पाणी जवळ.

"पायडल मार!" दादा.

"समोर बघ!" हे.

"समोर तुम्हीच उभे आहात!"

हे बाजूला झाले. मी पायडल मारलं. सायकल सरळ कॅनॉलकडे निघाली. मी ब्रेक सोडून घंटी दाबली. घंटी फार सुरेख वाजली! दादानं कॅरियरसकट मला मागे ओढलं, मी दोन्ही हात सोडून त्याच्या गळ्यात पडले, आणि नेमका तेव्हाच समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या लावलेला. रस्ता अरुंद, मध्ये आम्ही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

"चालू द्या, मावशी, गडबड न्हाई. कारखान्यात तरी नंबरच लावायचाय!"

सायकल उचलून कडेला घेतली तेव्हा कुठे ट्रॅक्टर गेला. मी घामानं निथळत होते. "दादा, शपथेवर सांग, मला सायकल येत होती की नाही?"

"येत हुती की. जोरात पळवायचीस."

"मग आता काय झालं?"

जीपच्या खिडकीतून आईनं डोकं बाहेर काढलं. "अगं ए, तू शीटवर कवा बसलीवतीस? दादाची सायकल ही एवढी उंच. तू नळीखालनं पाय घालून उभ्यानंच चालवायचीस. शीटावरनं पाय पुरायचे न्हाईत तुजे."

"पण नंतर? उंची वाढल्यावर?"

"उंची वाढली तवा तुजं लगीन केलं."

आधी ह्यांना हसू आलं. मग दादाला. मग ते दोघं जीपला टेकून इतके हसले की जीप हलायला लागली. मी मात्र सारी सायकलस्वारी मनात तपासत होते. गिरणी, शाळा, देवळापुढचा उतार... सगळीकडे मी उभीच! बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी सायकलच्या सीटवर पहिल्यांदा बसले ते दहा मिनिटांपूर्वी, आणि तेही दोघांनी धरून!

"चल, जीपमदी बस," दादा डोळे पुसत म्हणाला. "ताटली माजी, सायकलबी माजी."

"थांब. सायकलनं यायचं ठरलंय. कुठल्या, ते ठरलेलं नाही. तुझी दुधाची सायकल कुठंय?"

दादा थबकला. पण गडी शब्दाचा पक्का. तो पिस्ता सायकलवर बसला (मिशा, फेटा आणि पुढे बास्केट!), वस्तीवर गेला आणि आपली जुनी काळी सायकल घेऊन परत आला. उंच, नळीवाली.

मी डावा पाय पायडलवर ठेवला. उजवा नळीखालून घालायला गेले. शाळेतल्या पोरीचा पाय लगेच जायचा. हा पाय वाटाघाटी करून गेला. काख सीटवर टेकली, हातानं नळी पकडली, आणि सायकल निघाली! वाकडी, कुरकुरत, पण निघाली. मागून जीप, जीपमध्ये आईचा आवाज: "ही बगा, ही आली माजी पोरगी!" उसातली ऊसतोड थांबली. एक बाई ओरडली, "ओ ताई, शीट रिकामंच हाय की!" मी ओरडून सांगितलं, "असू दे, पाहुणे यायचेत!"

वस्तीवर मी खरंच पोचले. थांबायचं कसं ते आठवेना, म्हणून कडब्याच्या गंजीत थांबले. दादानं आगटीतली कणसं चोळली, हुरड्यावर चटणी घातली आणि पहिली ताटली माझ्या हातात दिली. तोंड जरा वाकडं होतं, पण दिली. मग चादर झटकून अंथरली. "बस आता निवांत."

"तिला उभ्यानंच खाऊ द्या," आई म्हणाली. "बसायची सवय न्हाई तिला."

सगळे पुन्हा हसले. मी मानानं उभी राहूनच खाल्लं. कारण त्या दिवशी मी एकदा खाली बसले असते, तर उठवायला परत दोन माणसं लागली असती: एकानं हँडल धरायला, एकानं कॅरियर!