देव नळदुर्गला गेले होते

देवावर माझा विश्वास आहे, पण त्याच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव लिहिणाऱ्या बायका बहुधा पहिल्यापासून भाविक असतात, पहाटे उठून पोथी वाचतात. मीही पहाटे उठते, पण ते पहिली फेरी माझी असते म्हणून. एकोणीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे. दारात लोंबकळणारा, पोराचं वय चोरणारा, उतरायचं गाव मागे गेल्यावर जागा होणारा, असे सगळे नमुने रोज पाहिले की जिभेला आपोआप धार येते. आमच्या सासूबाई माकणीत सगळ्यांना सांगतात, "हिच्या तोंडाला लागू नगा. ही देवाला बी तिकीट मागंल."

तर मागच्या हिवाळ्याआधी माझ्या डाव्या मूत्रपिंडानं दावा मांडला. खालच्या भागात वर्षानुवर्षं खडे साठून तेवढा भाग नासला होता, त्यात वरचेवर पू होत होता. दोष माझाच. ड्युटीवर पाणी प्यायलं की जावं लागतं, जायचं म्हणजे गाडी थांबवायची, म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा शोध मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी लावला आणि त्याचा मला अभिमानही होता. लोहारा ते सोलापूर कोरड्या घशानं जायचं आणि धरून ठेवायचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, नासलेला भाग कापून काढू, वरचा चांगला भाग ठेवू. पण आत गेल्यावर सगळंच खराब निघालं तर अख्खं काढावं लागेल. दुसऱ्या कुणाचं अख्खं काढलं तरी चालतं हो. माझं उजवं मूत्रपिंड जन्मापासूनच आकसलेलं, नावापुरतं. म्हणजे डावं गेलं की आयुष्यभर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जाऊन चिकटायचं. नोकरी गेली, घर अडलं, सगळं संपलं.

ही गोष्ट गावात फुटली आणि सल्ल्यांचा सुकाळ झाला. कुणी कुळथाचं कढण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं आणून दारात ठेवली, चुलत दिरानं कर्नाटकातल्या कुण्या वैद्याचा पत्ता दिला. आमच्या ड्रायव्हर मंडळींनी तर बिअर सुचवली, आणि तीही इतक्या कळकळीनं की जणू माझ्यासाठी तेही सोबत पिणार होते. एका बाईनं विचारलं, "कापल्यावर ते परत उगवतंय का?" मी म्हटलं, "व्हय, पावसाळ्यात." या सगळ्यांवर मी खेकसत होते, पण खरं सांगते, खेकसण्याच्या आत नुसती भीती होती. ऑपरेशन टळावं म्हणून मी एखादं निमित्त शोधत होते. कसलंही चाललं असतं.

ते निमित्त सासूबाईंनी आयतंच दिलं. सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि शुक्रवारी सकाळी त्या आडव्या आल्या. आमचं कुलदैवत अणदूरचा खंडोबा. "देवाला इचारल्याशिवाय अंगाला चाकू लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. "नारळ फोड, भंडारा आण, आन् ती दवाखान्याची फाइल देवाच्या पायाला लावून आण." मी म्हटलं, अहो, फाइलीला काय झालंय, आजारी मी आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी फाइल पिशवीत घातली. आमच्या मालकांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान हलवली. त्यांना पिकाला पाणी द्यायचं होतं, म्हणून मी एकटीच निघाले. अंगात कसर होती, पण एक गोळी घेतली आणि कुणाला काही बोलले नाही. मनात ठरवलं होतं, देवापुढे जरा जरी काही वेडंवाकडं घडलं, नारळ नासका निघाला, दिवा विझला, तर सोमवारी जायचंच नाही.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते. आमचा खंडोबा दोन गावांचा आहे. मूर्ती एकच. वर्षातला बहुतेक काळ ती अणदूरला असते आणि हिवाळ्यात पावणेदोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जाते. दोन्ही गावांनी तसं कागदावर लिहून घेतलेलं आहे, आणि तो करार इतका पाळला जातो की सख्ख्या भावांनी शिकावं. बाहेरगावच्या भाविकांना हे ठाऊक नसतं. त्यामुळे दर मार्गशीर्षात नळदुर्गच्या स्टँडवर मी दारात उभी राहून ओरडते, "खंडोबावाले, हितंच उतरा! देव सध्या नळदुर्गलाच हायेत!" तरी काही जण अणदूरलाच उतरायचं म्हणून हट्ट धरतात, आणि मी त्यांची गाडीभर शोभा करते. एकोणीस वर्षं हे काम केलेली मी, त्या शुक्रवारी बरोबर मार्गशीर्षात, नळदुर्गच्या स्टँडवर खिडकीशी बसून राहिले. कपाळाला भंडारा लावलेली माणसं चढत-उतरत होती, ती पाहून उलट वैतागले, की आज एवढी गर्दी कशाची. गाडी सुटली. आठ-दहा किलोमीटरवर अणदूरला मी एकटीच उतरले.

देवळाच्या वाटेवर नारळ-भंडाऱ्याच्या दुकानांना फळ्या लागलेल्या दिसल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी जागीच उभी राहिले. रस्त्याकडेला एक साठीतले मुसलमान चाचा छोट्या टेम्पोत गाद्या रचून वर दोरी आवळत होते.

"कुठं चाललात बाई?"

"देवाला."

"देव नळदुर्गला गेलेत की."

"मला म्हाईत हाय!"

"म्हाईत हाय तर हितं कशाला उतरलात?"

हा प्रश्न मी आजवर शेकडो लोकांना याच सुरात विचारला होता. संताप असा आला की हातातला नारळ तिथंच रस्त्यावर आपटावा. आणि संतापाच्या मागोमाग, काय सांगू, आनंद झाला. देवच घरी नाही! याहून स्पष्ट निरोप कोणता हवा? सोमवार रद्द. मी पारावर बसले आणि माकणीला परत जायच्या गाडीचा विचार करू लागले, तेवढ्यात थंडी वाजायला सुरुवात झाली. साधी नाही. दात वाजू लागले, गुडघे एकमेकांवर आपटू लागले, डाव्या कुशीत कुणी सुरी फिरवावी तशी कळ आली. चाचा दोरी टाकून आले. माझ्या पिशवीतून घसरलेली फाइल त्यांनी उचलली.

"ही कुठल्या दवाखान्याची?"

"सोलापूरच्या. पण मला सोमवारी... मला नळदुर्गला सोडा. पाया पडून घरला जाते."

"बाई, तुमचा देव कुठं पळून चाललाय का? त्याला दोन घरं हायेत, ह्या न्हाय तर त्या घरी गावंल. तुमची तब्येत मातर पळाली. मी गाद्या घिऊन सोलापूरलाच निघालोय. चला, बसा."

मी त्यांच्याशीही भांडले. ताप चढलेला असताना, उभं राहता येत नसताना, नळदुर्ग उलट दिशेला आहे हे मला पाठ असतानाही भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोवर वरच्या दोन गाद्या पसरून जागा केली. नव्या कोऱ्या गाद्या, लाल साटीनच्या, कुणाच्या तरी लग्नातल्या. माझ्याकडून घरचा नंबर घेऊन मालकांना फोन लावला, पत्ता नीट दोनदा सांगितला, आणि टेम्पो हलवला.

त्या गादीवर पडल्या पडल्या मी देवाला जे बोलले ते एसटीतल्या कुठल्याच उतारूला बोललेली नाही. म्हटलं, तुला नेमका आजच मुक्काम हलवायचा होता का? तीन पिढ्या तुझं करतोय आम्ही, आणि गरजेच्या वेळी तुझ्या दाराला फळ्या? वर हिवाळ्याचं ऊन होतं, दोरी वाऱ्यानं फडफडत होती, प्रत्येक खड्ड्याला जीव तोंडाशी येत होता. इटकळच्या पुढे कुठंतरी माझे शब्द संपले. भांडायलाही ताकद लागते, तीच उरली नाही. मग मी एवढंच म्हटलं, "घे बाबा काय घ्यायचं ते. अर्धं घे, अख्खं घे. माझ्याच्यानं आता धरवत नाही."

आणि त्याच वेळी शरीरानंही धरणं सोडलं. एकोणीस वर्षं स्टँडमागून स्टँड ताठ मानेनं धरून ठेवलेली मी, कुणाच्या तरी लग्नाच्या गादीवर भिजले. मला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. मी रडले. पण लिहायचंच तर खरं लिहिते, लाजेच्या खाली कुठंतरी इतकं हलकं वाटलं की तसं मला आयुष्यात वाटलेलं नव्हतं. भीती गेली होती. ताप होता, कळ होती, भीती तेवढी नव्हती.

दवाखान्याच्या दारात चाचांनी हात दिला तेव्हा मी उठेना. कसंबसं सांगितलं, "चाचा, तुमची गादी..."

त्यांनी एकदा पाहिलं. "कापूस हाय बाई. धुतला की सुकतो, पिंजला की फुगतो. माणसाचं तसं न्हाय. चला आत."

आत फाइल कामाला आली. सगळे फोटो, सगळे रिपोर्ट माझ्या पिशवीत, कारण एका म्हातारीला ते देवाच्या पायाला लावायचे होते. डॉक्टरांनी तासाभरात पाठीतून नळी घालून पू काढला. मालक आणि सासूबाई दिवेलागणीला पोचले. सासूबाईंनी घरातला भंडारा आणला होता, तो माझ्या कपाळाला लावला. "मीच पाठवलं तुला," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला.

ताप उतरायला आठवडा गेला, मग ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो किती राहिलं हा. डॉक्टर म्हणाले, निम्म्याहून जास्त. नासलेला भाग काढला, बाकीचं काम करतंय. शुक्रवारचा पू तसाच राहून सोमवार उजाडला असता तर बहुधा काहीच ठेवता आलं नसतं, असंही ते म्हणाले. मी हिशोब जुळवत पडून राहिले. देव अणदूरला असते तर मी नारळ फोडून, पाया पडून, उलट्या गाडीनं माकणीला परतले असते आणि गोधडी घेऊन झोपले असते. नळदुर्गला उतरले असते तरी तेच. यात देवाचं किती आणि माझ्या विसरभोळेपणाचं किती, ते मला ठरवता येत नाही. मी ठरवायचा नादही सोडला.

चैत्रात मी आणि मालक अणदूरला गेलो. देव घरी आले होते. त्यांच्यापुढे उभी राहिले तर मागायला काही आठवेना, तक्रारही आठवेना, म्हणून नुसतं डोकं टेकलं. मग चाचांचं दुकान शोधलं. ते एका लाल गादीवर बसून उशी शिवत होते. मी ओळखली. लग्नवाल्यांना त्यांनी नवी भरून दिली होती, ती धुऊन, पिंजून स्वतःला ठेवली होती. "बसा," म्हणून गादीवर हात थोपटला. मी अवघडून बसले.

चहा पिताना ते हसत म्हणाले, "बाई, मी तुम्हाला त्या दिवशीच वळखलं हुतं. लई वर्सं झाली, माझं कापसाचं गाठोडं वाटंत येतंय म्हणून तुम्ही मला भर उन्हात गाडीतनं उतरवलं हुतं."

मी कप खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय? त्या दिवशी घरला चालत आलो आन् बायकोला म्हणलं, आता आपला टेम्पो घ्यायचा. तुम्ही तवा बसू दिलं असतं, तर तुम्हाला न्यायला टेम्पो कुठनं आला असता?"

आता मी पुन्हा ड्युटीवर आहे. स्वभाव सुधारला असं कुणी म्हणणार नाही, डॉक्टरांनी तो भाग काढला नाही. पण पाण्याची बाटली जवळ असते, आणि स्टँड आलं की आधी मी उतरते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, उतारू कुरकुरतात. कुरकुरू दे. मी येते तेव्हा येते.

मार्गशीर्ष आला की नळदुर्गला अजूनही तशीच ओरडते. परवा एक म्हातारी ऐकेना. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, देव इथं आहेत, अणदूरला कुणी नाही. ती म्हणे, "मला अणदूरचंच तिकीट दे." माझ्या जिभेवर जुनं सगळं आलं होतं. पण तिकीट फाडून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जा आजी. तिथं तुमच्यासाठी कोण थांबलंय, मला तरी काय माहीत?"