जॉली स्वभावाची मुलगी

माझ्या बायोडाटात 'स्वभाव' या शब्दापुढे वडिलांनी 'जॉली' लिहून टाकलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी जॉली नाही. गॅसचं बटण बंद आहे ना हे पाहून मी कुलूप लावते, अर्धा जिना उतरते, परत वर येते आणि पुन्हा पाहते. एस.टी.त बसले की ड्रायव्हरला डुलकी तर लागत नाही ना, याकडे माझं लक्ष. असल्या बाईला जॉली म्हणायचं म्हणजे कारल्याला जिलबी म्हणण्यासारखं आहे.

"नाना, हे खोडा," मी वडिलांना म्हटलं.

"राहू दे. सगळेच लिहितात. जॉली लिहिलं की लोक पुढचं तरी वाचतात."

मी जळगावात मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे या शब्दांशी माझी रोजची गाठ. पुस्तकात हॅपी, चिअरफुल, मेरी, जॉली असे सगळे एका ओळीत शहाण्यासारखे बसलेले असतात. आमच्याकडे बाहेर पडले की प्रत्येक जण आपापल्या वाटेनं जातो. 'हॅपी' बड्डेला आणि दिवाळीला लावून लावून पार झिजलाय. 'मेरी' डिसेंबरात एकदा तोंड दाखवतो. 'एन्जॉय' हा तर हुकूमच. तोरणमाळला सहलीला निघालेल्या माणसाला 'एन्जॉय करा हं' असं बजावतात, जणू नाही केलं तर दंड बसेल. पुरुष जॉली असला तर चारचौघांत बसणारा, कधीमधी घेणाराही, असं समजायचं. मुलगी जॉली असली तर ती उलट बोलत नाही, असं समजायचं. 'चिअरफुल'वर वाक्य करायला सांगितलं, तर वर्गातल्या निम्म्या मुलींनी आपली आई चिअरफुल असल्याचं लिहिलं. "कधी असते?" मी विचारलं. "पाहुणे आले की," एक जण म्हणाली. सगळा वर्ग हसला. मला मात्र ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

त्याच सुमारास धुळ्याचं स्थळ आलं. मुलाचं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान. आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. तो विनोद सांगायचा, मी हसायचे. त्याच्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्यांची रांग असायची, आणि मीही तेवढीच रांग उलट पाठवायचे. विनोद काही बरे नव्हते, पण माणूस आवडला. माझं वाक्य संपेपर्यंत तो थांबायचा. एवढं करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मला हे स्थळ हवं होतं, म्हणून मी हसत गेले.

पाहण्याचा कार्यक्रम काकांनी यावलजवळच्या त्यांच्या केळीच्या मळ्यात ठेवला. थंडीचे दिवस, त्यात भरीत पार्टी म्हटलं की दोन्हीकडची माणसं मोकळी होतात, असं काकांचं म्हणणं. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकलेली होती. बायका हिरव्या मिरच्या आणि लसूण निवडत होत्या. काकूनं कानाशी येऊन सांगितलं, "जरा हसत राहा. तोंड पाडून बसू नको." मी हसत राहिले. जाळ फार झालाय, वांगी वरून करपून आत कच्ची राहतील, हे मला दिसत होतं आणि उठून बोलावंसं वाटत होतं. पण जॉली मुलगी वांग्यांवरून कटकट करत नाही.

भाजलेली वांगी होडीच्या आकाराच्या लाकडी बडगीत कुटायला मला आणि त्याला बसवलं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं कुटायचं, आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून पाहायचं. तो विनोद सांगत होता. तेवढ्यात वारा फिरला आणि सगळा धूर माझ्या तोंडावर आला. डोळे चुरचुरले. सकाळपासून उसनं हसून मी आधीच रडकुंडीला आले होते, त्याला निमित्त मिळालं. तोंडावर हसू तसंच ठेवून मी घळाघळा रडत होते.

"हाशी हाशी पोरना डोयामा पानी उनं," त्याची आत्या कौतुकानं म्हणाली; तिला ते हसून हसून आलेलं पाणी वाटलं. सगळे तिला अक्का म्हणतात आणि तिचा शब्द शेवटचा मानतात. केळीच्या पानांवर भरीत-पुरी वाढून व्हायच्या आत तिनं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला. "पोर जॉली शे. बठ्ठासले आवडनी."

होकार आला. नाना पेढे आणायला निघाले, आणि मला धडकी भरली. ज्या मुलीला होकार आला होता ती मी नव्हतेच. आता जन्मभर पाहुणे आल्यासारखं हसायचं, की सांगून टाकायचं आणि हातचा माणूस घालवायचा? सांगितलं नाही तर मी आतून कुढत राहणार, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मागच्या कडुनिंबाखाली उभं राहून त्याला फोन लावला. त्यानं गिऱ्हाइकाचा एक किस्सा सांगितला. मी हसले नाही.

"आवडला नाही का?"

"नाही. मला एक सांगायचंय. मी जॉली नाही. मला सारखी काळजी वाटते. मळ्यात ते हसून आलेलं पाणी नव्हतं, डोळ्यांत धूर गेला होता आणि रडूही येत होतं."

तो थांबला. नेहमीसारखाच, माझं सगळं बोलून होईपर्यंत.

"मग फोनवर एवढं हसायचात ते?"

"तुम्ही आवडलात म्हणून."

"मला जरा विचार करू द्या," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी आले तर नाना शेजारी पेढे वाटून आलेले. भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. ते सारखे विचारत होते, आता कसली काळजी?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मेसेज आला. आधी वह्यांचा एक गठ्ठा तपासला, मग उघडला. मेसेजच्या शेवटी एकही हसरा चेहरा नव्हता, हे आधी दिसलं. मग वाचलं.

"रविवारी मी एकटाच येतो. भरीत नको. तुम्हाला कशाकशाची काळजी वाटते ते सगळं सांगा, मला वेळ आहे."

गॅसच्या बटणापासून सुरुवात करायची, असं मी ठरवलं.