सरकीच्या खोलीतला जपानी चहा

आमच्याकडे दोन घरांचं बिनसलं की चहा बंद होतो. बोलणं चालू राहतं, लग्नाची पत्रिका जाते, कुणी दवाखान्यात असलं तर डबाही जातो, पण चहा नाही. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या आण्णांनी, माझ्या घरचा चहा चार वर्षं घेतला नव्हता. तो सुरू व्हावा म्हणून माझ्या मुलीनं तेलगावात जपानी पद्धतीचा चहा मांडला, त्याची ही हकीकत आहे.

बिनसलं तेही मुलीवरूनच. नर्सिंग करून ती जपानला निघाली होती, तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला. निघायच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. आण्णा चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "परक्या मुलखात म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढाया लेक धाडतो व्हय तू?" मला राग आला. राग मला लवकर येतो आणि जीभ त्याच्याही पुढे असते. मी म्हणालो, "शिकलेला माणूस असतात तर कळलं असतं तुमाला."

आण्णा नववीत शाळा सोडून शेताला लागले, कारण घरात एकालाच शिकवणं झेपणार होतं. तो एक मी. बी.कॉम. झालो, तेलगावात भांड्यांचं दुकान टाकलं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आण्णांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. "आजपासून तुझ्या घरचा चहा मला बंद," एवढं बोलून ते चपला घालून गेले.

पुढे ते येत राहिले. सणावाराला, पाण्याच्या पाळीचं विचारायला, कधी उगीचच. बसायचे, बोलायचे. आमची ही कप आणायची, ते "नको" म्हणायचे, कप आत जायचा. पाहुण्यांना ते सांगायचे, पित्त होतं म्हणून. तेच पित्त चौकातल्या हॉटेलात बसलं की कुठं जायचं कोण जाणे. मीही मनात म्हणायचो, नको तर नको. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा तर सुंभही शाबूत होता.

मुलगी यंदा पहिल्यांदाच महिनाभराच्या सुट्टीवर आली. पहिल्याच आठवड्यात तिनं हे पाहिलं आणि जेवताना म्हणाली, "पप्पा, माझ्यामुळं काकांचा चहा सुटला. मी परत गेले की पुन्हा तीन वर्षं येणार न्हाई. तवर असंच ठेवणार का?" काकांचे गुडघे गेलेत, रक्तदाब वाढलाय, हेही तिनंच मोजून मला सांगितलं. ती रडली नाही, पण तिच्या मनाला हे किती लागलंय ते मला तेव्हा समजलं.

वृद्धाश्रमातल्या एका आजीबाईंनी तिला रविवारी-रविवारी तिकडचा चहा शिकवला होता. पिशवीतून तिनं बांबूची घुसळणी काढली, बारीक काड्यांची. हिरव्या पुडीचा डबा काढला. आमची ही वास घेऊन म्हणाली, "मेंदी हाय का काय ही?" मग एक वाडगं निघालं. भांड्यांच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे माझी नजर आधी काठावर गेली. काठ एका बाजूला बसलेला, रंग एकीकडे ओघळलेला. "सेकंड माल दिला की गं तुला. माझ्या दुकानात आलं असतं तर परत धाडलं असतं." ती हसली. तिकडे असंच वाडगं मुद्दाम निवडतात म्हणे. पाहुण्यानं चहा पिऊन झाला की ते हातात घेऊन न्याहाळायचं, कुठलं आहे ते विचारायचं. चहा पाजणाऱ्याचा तो मान.

जागा कोणती, हा प्रश्न होता. बैठकीत सोफा, टीव्ही, फ्रीज. तिनं मागच्या सरकीच्या खोलीवर बोट ठेवलं. जनावरांची सरकी-पेंड ठेवायची ती जुनी खोली, दार जेमतेम छातीएवढं. तिकडेही चहाच्या खोलीचं दार बुटकंच असतं, लहान-मोठा कुणीही असो, वाकूनच आत यायचं. मी म्हणालो, "ती खोली वाटणीत आण्णांकडं गेलीय." "म्हणूनच," ती म्हणाली. "ते म्हणले होते, तुझ्या घरचा चहा बंद. ते घर तुमचं न्हाई, त्यांचं हाय. पूड माझी, हात माझा." ह्या पोरीला वकील करायला हवं होतं असं मला वाटलं.

ती स्वतः जाऊन आण्णांकडून किल्ली घेऊन आली. तीन दिवस मायलेकींनी ती खोली झाडली, सारवली, पुन्हा झाडली. कोपऱ्यात पितळेच्या तांब्यात कपाशीचं एकच फूल ठेवलं. आमच्या चार एकरांत अशी लाखभर फुलं असतील, पण एक फूल उचलून बघायची वेळ कधी आली नव्हती. सतरंजी घातली, कोळशाची शेगडी ठेवली. आदल्या दिवशी मला तालीम दिली. वाडगं दोन्ही हातांनी उचलायचं, दोनदा थोडं फिरवायचं म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठाला लागत नाही. शेवटचा घोट आवाज करून प्यायचा, म्हणजे संपला हे कळतं. आवाज करून चहा प्यायला आम्हाला जपानी माणसानं शिकवायची गरज नव्हती, ते मी बोलून दाखवलं. आणि एक गोष्ट तिनं चार-चारदा घोकून घेतली. प्यायच्या आधी शेजारच्या पाहुण्याकडे वळून, मान लववून म्हणायचं, "तुमच्या आधी घेतो." आण्णांनाही तिनं त्यांच्या घरी जाऊन हे शिकवलं होतं. थोरला धाकट्याला असं म्हणेल, यावर माझा विश्वास नव्हता. आमच्या घरात थोरल्यानं आधी घ्यायचं असतं, ते विचारून नाही.

रविवारी सकाळी आण्णा आणि वहिनी आले. आण्णांनी आंघोळ करून कपाळाला भस्म लावलं होतं, इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. मोडेन पण वाकणार नाही असा हा माणूस त्या दारापाशी क्षणभर थांबला, मग गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि आत गेला. त्यांच्या मागून मी. खोली माझी नव्हती हे वाकतानाच जाणवलं, आणि त्या जाणिवेत चौकटीला कपाळ आपटलं. आण्णांनी बघितलं. ओळीनं बसलो, आधी आण्णा, मग मी, मग वहिनी.

मुलीनं धुतलेलं वाडगं पुन्हा धुतलं, रेशमी फडक्यानं डबा पुसला, चमचा पुसला. इतक्या सावकाश की एरवी मी वैतागलो असतो. आधी शेंगदाण्याचा छोटा लाडू दिला, चहा कडू असतो म्हणून. मग पुडीवर गरम पाणी घालून ती घुसळायला लागली. वर हिरवा फेस आला. तिनं वाडगं आण्णांच्या पुढ्यात ठेवलं, जमिनीला हात टेकून वाकली.

आता आण्णांनी माझ्याकडे वळायचं होतं. ते वळले नाहीत. वाडग्याकडे बघत बसले. फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत होते. मग ते हळूच म्हणाले, "नको."

मुलगी तशीच वाकलेली राहिली. तिच्या त्या कलेत पाहुण्यानं नको म्हटलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. पाण्याचं भांडं घेऊन बसलेल्या आमच्या हिचा हात सवयीनं वाडग्याकडे गेला, परत न्यायला. आणि माझ्या शेजारून वहिनी बोलल्या. चार वर्षांत वहिनींनी या विषयावर तोंड उघडलं नव्हतं.

"म्हणा की, भाऊजी."

"काय म्हणू?"

"घ्या म्हणा. पाव्हण्याला बी आपण तीनदा म्हणतो. चार वर्सं झाली, तुमी ह्यान्ला एकदाबी घ्या म्हणला न्हाईत. तुमच्याकडनं घरी आले की ओसरीवर बसून म्हणायचे, पहिल्या नकोलाच उचलला गं कप त्यानं. दर टायमाला तेच."

आण्णा म्हणाले, "गप बस तू." पण आवाजात जोर नव्हता.

मला त्या बुटक्या खोलीत मरणाची लाज वाटली. आमच्या भागात पहिलं नको हे नको नसतंच. सोयऱ्याला, गिऱ्हाइकाला, मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा मी "घ्या हो, अर्धा घ्या, घोटभर तरी घ्या" म्हणतो. माझ्या ऐवजी शेतात राबलेल्या भावाला चार वर्षं म्हणालो नव्हतो. तो पुन्हा पुन्हा येत होता, दर वेळी नको म्हणून थांबत होता, आणि मी त्याचा शब्द खरा धरत होतो, कारण तसं धरणं मला सोयीचं होतं.

"घ्या, आण्णा," मी म्हणालो.

"नको."

"घ्या."

"नको म्हणलं ना."

मी दोन्ही हातांनी ते वाकडं वाडगं उचललं. थोडा चहा आण्णांच्या धोतरावर सांडला. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, आण्णा. तुमी न्हाई शिकलात म्हणून मी शिकलो. घ्या."

त्यांनी वाडगं घेतलं. दोनदा फिरवलं, अगदी शिकवल्यासारखं. मग माझ्याकडे वळले, मान थोडी लववली, आणि घसा साफ करून म्हणाले, "तुझ्या आधी घेतो."

मीही मान लववली.

त्यांनी तीन घोटांत चहा संपवला, शेवटचा मोठ्यानं ओढून. तोंड वाकडं केलं, पण तक्रार केली नाही. वाडगं उन्हाकडे धरून उलटसुलट बघितलं, जसं बघायचं असतं तसं. मग माझ्या मुलीला विचारलं, "तिकडल्या म्हाताऱ्या माणसान्ला पण तूच पाजतीस का गं असा?"

"हो काका."

"पाजत जा," ते म्हणाले. "आणि नको म्हणलं तर पुन्ना इचारत जा."