कोथिंबीरवाल्यांची सून

मला बघायला आलेल्या लोकांनी सगळं विचारलं. पुरण जमतं का, चष्म्याचा नंबर किती, शेतात जायची लाज वाटते का. काय खात नाहीस, हे मात्र कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं, तर धुळ्याच्या आमच्या बैठकीतच मी सांगून टाकलं असतं की मला कोथिंबीर चालत नाही, आणि हे लग्न बहुधा पोह्यांवरच मोडलं असतं. कारण पाहुणे कोथिंबीरवाले होते.

रावेरकडे त्यांची केळी आहे. नवीन लागवडीत रोपं गुडघ्याएवढी असतात तोवर दोन ओळींमधली जागा रिकामीच असते. तिथे ते कोथिंबीर पेरतात. केळीला सोडलेल्या ठिबकवर तीही पोसते. पहाटे जुड्या बांधून टेम्पो निघतो आणि बाजारात आमचा माल हातोहात खपतो. आता मी ‘आमचा’ म्हणते. तेव्हा त्यांचा होता. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते पहिली जुडी नाकाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. मला तोच वास ट्यूबलाइटवर येणारा हिरवा किडा चिरडल्यावर येतो तसा येतो. यात माझा काहीच इलाज नाही. लहानपणी दोन फटके खाऊनही तो बदलला नाही.

लग्न लागून सासरी निघताना आईने कानात सांगितलं, “एक वरीस काही बोलू नको. मंग सांगजो.” माझ्या आईचे सल्ले असे असतात. वर्षभर उपाशी राहा आणि मग तोंड उघड.

गंमत अशी की धणे मला जिवापाड आवडतात. पान आणि बी एकाच झाडाचं, पण माझ्या नाकाला ते पटतच नाही. धुळ्याच्या उन्हाळ्यात आई रात्री धणे भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी गाळून, खडीसाखर घालून द्यायची. हातापायांची आग होवो, उन्हाळी लागो, पित्त होवो, आमच्याकडे औषध एकच. त्या पाण्याच्या वासाने मला अजूनही सुट्टी लागल्यासारखं वाटतं.

तर सासरी पेरणीचे दिवस आले. धणा अख्खा पेरला तर उगवायला फार रडवतो. म्हणून पोत्यावर पसरून, चपलेच्या तळव्याने हलकेच रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या असतात. जोर जास्त झाला तर भुगा होतो. घरात सगळ्यांना या कामाचा कंटाळा. मी मात्र आपणहून बसले आणि दुपारभर त्या वासात गाणी म्हणत धणे रगडले. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, ते दारातून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर करून टाकलं, “माह्या सुनेले कोथमिरीचा भारी नाद!”

त्या दिवसापासून माझ्या ताटात सगळ्यांपेक्षा एक मूठ कोथिंबीर जास्त पडू लागली. वरणावर, शेवभाजीवर, पाटवडीच्या रश्श्यावर. अक्का प्रेमाने घालत आणि मी जेवते की नाही ते बघत उभ्या राहत. मी श्वास रोखून गिळायची आणि वर पाणी प्यायची. नवऱ्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. जळगावला हॉटेलात मी भाजीतून एकेक पान वेचून काढत होते, तेव्हा तो बघतच राहिला. “सांगून टाक ना,” तो म्हणाला. मी म्हटलं, तुझं काय जातं, तुझ्या घरचं पीक आहे ते. त्याला शपथ घातली आणि तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला छान जमतं.

मग थंडी पडली आणि वांगी आली. आमच्याकडे थंडी पडली की भरीत पार्टी ठरलेली. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी भाजायची, मिरच्या-लसणाबरोबर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटायची आणि केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांशी खायची. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. धूर, हसणं, एकमेकींच्या सासवांची नक्कल. मीही मजेत होते. तेवढ्यात अक्कांनी माझ्यापुढे घमेलंभर चिरलेली कोथिंबीर ठेवली. “तूच मिसळ व. तुह्या आवडीची.”

गरम भरीत, त्यावर ती कोथिंबीर, आणि वर येणारी वाफ थेट माझ्या तोंडावर. मी उठले, केळीच्या ओळीत पळाले आणि सकाळचा चहासुद्धा पोटात राहिला नाही.

परत आले तर बडगी थांबलेली आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसतायत. एकीने विचारलं, “अक्का, पेढे केव्हा देता?”

“तसं काही नाही हो,” मी म्हटलं. तर त्या आणखीच हसल्या. पहिल्यांदा सगळ्याच असं म्हणतात म्हणे. अक्कांनी पदराने माझं तोंड पुसलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की कोथिंबिरीचं नाव मी काढलंच नाही.

नंतरचे आठ-दहा दिवस मी राणीसारखी राहिले, खोटं कशाला सांगू? पाण्याची बादली माझ्या हातातून काढून घेतली गेली. सकाळी उठायच्या आत उशाशी धण्याचं पाणी, खडीसाखर घातलेलं. मळमळीवर उत्तम, अक्का म्हणाल्या. मी ते आनंदाने गटागटा प्यायची आणि त्यांची खात्री आणखी पक्की व्हायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझ्यासाठी चुलीवर वेगळं लहान पातेलं चढू लागलं. बिनकोथिंबिरीचं. “पोटात असलं का असं होते. वास सहन नाही होत,” त्या नानांना समजावत. सात महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या हाताची खरी चव कळली. काय चव आहे त्या हाताला!

आईचा फोन आला. अक्कांनी तिकडेही कळवलं होतं. “खरं शे का व?” आईचा आवाज आनंदाने फाटला होता.

“नही व माय. कोथमीर शे.”

आई इतकी हसली की शेवटी मी फोनच ठेवला.

हसण्यावारी न्यावं असं ते होतं, पण मला आतून भीती वाटत होती. ते लहान पातेलं, ते धण्याचं पाणी, पदराने पुसलेलं तोंड, हे सगळं माझ्यासाठी होतं की न आलेल्या बाळासाठी? बाळ नाही म्हटल्यावर त्यातलं माझ्या वाट्याला काय उरणार? मला पातेल्याची हाव होती असं नाही. पण अक्कांचा तो उजळलेला चेहरा मला हवा होता, आणि तो माझ्याकडे बघूनच उजळायला हवा होता.

मग एका सकाळी माझी पाळी आली. आता लपवायला काही उरलंच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. अक्कांच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या आणि म्हणाल्या, “चाल, डॉक्टरकडे चाल. काही कमीजास्त झालं असंन.” त्या चप्पल शोधू लागल्या. नवऱ्याला हाका मारू लागल्या. मला ते बघवेना.

“अक्का, बसा. काही झालेलंच नाही. तेव्हाही नव्हतं.” आणि मग मी सगळं सांगितलं. कोथिंबिरीचा वास, तो हिरवा किडा, लहानपणचे फटके, घमेलं, वाफ, सगळं.

त्या पाटावर बसल्या. पिठाने माखलेल्या हातांकडे बघत त्यांनी विचारलं,

“म्हणजे लग्नापासून तू हे खाऊन राह्यली?”

“हो.”

“अन् मी वरून मूठ मूठ घालून राह्यली.”

“तुमच्या घरचं पीक आहे ना अक्का. मी कसं म्हणणार?”

अक्का उठल्या. हात धुतले आणि मळ्यात निघून गेल्या. नवरा बाहेरून आला, माझ्याकडे बघून म्हणाला, “सांगितलंस?” मी त्याच्यावर अशी खेकसले की तोही मळ्यात गेला.

दुपारी अक्का परत आल्या. त्यांच्या हातात कोथिंबिरीची ताजी जुडी होती. त्यांनी मला भाकरी थापायला बसवलं, स्वतः भाजीला फोडणी दिली. मी चुलीकडे चोरून पाहिलं. लहान पातेलं नव्हतं. चुलीवर एकच मोठं पातेलं होतं आणि शेजारी विळीवर जुडी चिरली जात होती. माझं मी समजून घेतलं. बाळ गेलं, पातेलं गेलं. यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं. मी ते चुलीच्या धुरावर ढकललं.

ताटं मांडली. नानांनी पहिला घास घेतला आणि ताट वर उचलून उजेडात पाहिलं. “काय व हे? आपल्या घरची कोथमीर अन् भाजीत पानसुद्धा नाही? फक्त बाजारात इकाले लावली का काय?”

मी माझ्या ताटात बघितलं. वरण पिवळंधमक, भाजी लालभडक. हिरवं कुठेही नाही. मोठ्या पातेल्यातच नव्हतं. चिरलेली सगळी कोथिंबीर एका ताटलीत, नानांच्या पुढ्यात ठेवलेली होती.

अक्कांनी ती ताटली त्यांच्याकडे आणखी जवळ सरकवली. “घ्या ना लागंन तेवढी. तुम्हाले वरून घेता येते. तिले टाकलेली काढता येत नाही.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चिमूटभर कोथिंबीर घेतली, पुन्हा एकदा घेतली आणि जेवू लागले. नवऱ्यानेही घेतली. अक्का माझ्या ताटात भाजी वाढत होत्या, आणि वाढून झाल्यावर नेहमीसारख्याच मी जेवते की नाही ते बघत उभ्या राहिल्या.

मी जेवले. हावरटासारखी, मिटक्या मारत आणि रडत जेवले. अक्का म्हणाल्या, “सावकाश व.” त्यांचा चेहरा उजळला होता.