मेश्रामबाईंनी वाचलेले आकडे

मशीननं पडद्यावर चूक दाखवली की मी तिचं बटण बंद करून पुन्हा चालू करायचो. हिंगण्याच्या औषध कारखान्यात लागून मला आठवडाही झाला नव्हता. तिसऱ्यांदा तसं केलं तेव्हा मागून आवाज आला, "काहून बंद केली गा? बिमार माणसानं काही सांगाले तोंड उघडलं, अन् तू त्याचं तोंडच दाबलं."

त्या मेश्रामबाई, आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे तरी काय, एक गार खोली, एक मशीन, बाई, मी आणि बाटल्यांची लेबलं छापणारे ऑपरेटर वानखेडे. नागपुरात सदरच्या एका ऑफिसात दहा वर्षं संगणकाच्या कार्डांना भोकं पाडता पाडता बाई प्रोग्रॅम लिहायला शिकल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या छपाईचा रुंद कागद टेबलावर पसरायच्या, उडू नये म्हणून एका टोकाला डबा ठेवायच्या आणि आकड्यांच्या ओळींवरून बोट फिरवत वाचत बसायच्या. "माह्या बापानं चाळिशीत अक्षरं शिकली," त्या एकदा म्हणाल्या. "एक अक्षर समजल्याबिगर बोट पुढं सरकू नाही द्यायचा. मले थेच वळण हाय."

लेबलांचा प्रोग्रॅम आमचा नव्हता. बाहेरच्या एका कंपनीकडून तो फ्लॉपीवर तयार आला होता; अधूनमधून त्याची सुधारलेली आवृत्तीही तशीच यायची. त्याचा मूळ मजकूर त्यांनी दिला नव्हता. आमच्या हाती होते ते नुसते आकडे, माणसाच्या आणि मशीनच्या अधल्यामधल्या भाषेतले; मशीनवरचा दुसरा एक छोटा प्रोग्रॅम ते वाचून तसं काम करायचा. लेबलावरची वाक्यं वेगळ्या फाइलीत होती. प्रोग्रॅम फक्त क्रमांक सांगायचा, आणि त्या क्रमांकाचं वाक्य छापलं जायचं.

एका दुपारी तपासनीस लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आले. अर्धा चमचा छापायचं तिथे दोन चमचे छापलं होतं, मोठ्या माणसाचं माप. मॅनेजरसाहेबांनी वानखेड्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "औषधाचा नंबर चुकीचा टाकला तुम्ही! उद्या कामावरून काढल्याची चिठ्ठी घेऊन घरी जा."

"साहेब, मी बरोबरच टाकला होता," वानखेडे एवढंच म्हणत राहिले.

बाईंनी मध्येच विचारलं, "साहेब, पेट्या कुठी हाय?"

पेट्या वाडीच्या गोदामात गेल्या होत्या. फोन लागेना. बाई माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही निघालो. पोचलो तेव्हा पेट्या भरलेल्या ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "ऑफिसची चिठ्ठी आणा बाई. तशी गाडी नाही थांबत."

"तुले लेकरं किती?"

"तीन."

"लहाना केवढा?"

"दीड वर्साचा. काहून?"

बाईंनी बरोबर आणलेली बाटली त्याच्या हातात दिली. "त्याले खोकला झाला त किती देशीन? वाच."

त्यानं वाचलं. एकदा बाटलीकडं, एकदा बाईंकडं पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामाला लागल्या. आकडे उलगडून त्यांचे वाचता येतील असे हुकूम करून देणारं एक साधन पहिल्या फ्लॉपीवर आलं होतं. ते अर्ध्यातच थांबायचं आणि अनोळखी हुकूम असल्याचं सांगायचं. "साधनच बिघडलंय," मी म्हणालो.

"बिघडलं नाही. थे काही सांगून राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळे आकडे कागदावर छापून घेतले आणि हातानं उलगडायला बसल्या. त्या हुकूम सांगत होत्या, मी लिहून घेत होतो. दुपार व्हायच्या आत बोट एका ओळीवर थांबलं. मुलांच्या मापासाठी प्रोग्रॅम बेचाळिसावं वाक्य मागत होता. आमच्या फाइलीत ते एक्केचाळिसावं होतं; बेचाळिसावं मोठ्यांचं. नव्या प्रोग्रॅमला वर कुठंतरी एक वाक्य जास्तीचं हवं होतं आणि आमची फाइल जुनी होती. साधनही जुनंच होतं, म्हणून त्याला नवा हुकूम ओळखता येत नव्हता.

"म्हणजे वानखेडे सुटले!" मी ओरडलो. "कंपनीनं जुनी फाइल पाठवली!"

बाई उठल्या. कपाटातून गेल्या आठवड्यात आलेली फ्लॉपी काढून त्यांनी मशीनमध्ये घातली. नवी फाइल तिच्यात होती. नवं साधनही होतं.

"मीच चढवली होती ही फ्लॉपी," त्या म्हणाल्या. "प्रोग्रॅम तेवढा घेतला. बाकीचं पाह्यलंच नाही. जुनंच चालते असं वाटलं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. हे आकडे वाचणारं कारखान्यात दुसरं कुणी नव्हतं. मी हळूच म्हणालो, "बाई, कंपनीवर ढकलून देऊ. वानखेडेही वाचतील, तुम्हीही."

त्या रागावल्या नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मले बी आत्ता थेच सुचलं होतं गा." मग त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि वानखेड्यांना बोलावून त्यांच्यासमोर सगळं सांगितलं.

वानखेड्यांची चिठ्ठी फाडली गेली. बाईंकडून मशीन काढून घेण्यात आली. छापून आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातलं पहिलं लेबल वाचायचं, एवढंच काम त्यांना बाहेरच्या टेबलावर दिलं. वानखेडे महिनाभर त्यांच्याकडं पाहतही नव्हते. सगळ्यांसमोर झालेला अपमान ते विसरू शकत नव्हते. बाईंनीही त्यांची समजूत घातली नाही.

दोन वर्षांनी मला पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी बाईंच्या टेबलापाशी बसून मी विचारलं, "तेव्हा तुम्ही बोलला नसतात तर कुणालाच कळलं नसतं. आता वाईट वाटतं का?"

"वाटते ना. काहून नाही वाटणार?" त्यांनी हातातलं लेबल खाली ठेवलं. "मशीनची लय याद येते गा. रोज येते."

तेवढ्यात वानखेडे दोन कप चहा घेऊन आले. एक त्यांनी बाईंसमोर ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुमचा आणतो. बसा."